हजाराचा हिशोब

घड्याळ दर चार मिनिटांनी वाजतं,
मग एक मिनिट मी चालते.
पहिल्यांदा वाजलं ते सात रस्त्यालाच.
लोक अजून टाळ्या वाजवत होते
आणि मी चालायला लागले.
टाळ्या जरा अडखळल्या.
टोपलीत केळी घेऊन बसलेला एक जण म्हणाला,
"लगेच दमली की ही."

दमले नव्हते.
दमायच्या आधी थांबायचं असतं, हे
त्या अंधारात कुणाला समजावणार?
वय अठ्ठेचाळीस, डावा गुडघा,
पोस्टाच्या काउंटरवर सतरा वर्षं.

मल्लिनाथ हत्तरकी आदल्या दिवशी म्हणाला होता,
"चालायचंच असंल तर तळ्याला चक्कर मारायची की, अंबूताई.
त्याला सातशे रुपये कशाला भरायचे?"
माणूस वाईट नाही. बूट कुठले घ्यायचे
ते त्यानंच सांगितलं मला.
आणि त्याचं म्हणणं अगदीच चूक आहे
असं मला वाटत नाही, हीच पंचाईत.
विजापूर रोडभर मी तेच चघळत होते:
शर्यत धावायची असते.
मग ही दर पाचवी मिनिटं कुणाच्या खात्यावर?

सोळाव्या किलोमीटरला तो मला
पोटरी धरून बसलेला दिसला असता
तर ही कविता सोपी झाली असती.
नाही दिसला.
तो केव्हाच पोचून, घाम पुसून,
कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात होता.

कंबर तलावाशी परत आले तेव्हा ऊन वर आलेलं.
जानेवारी असला तरी सोलापूरचं ऊन ते,
आठलाच मानेवर हात ठेवतं.
घड्याळ वाजलं. चालले.
त्या मिनिटात आई आठवली.

आई विड्या वळायची. दिवसाला हजार.
पंचवीसचा कट्टा, चाळीस कट्टे.
मांडीवर सूप, पुढ्यात कापलेली पानं.
मध्येच उठायची: नळाला पाणी आलं,
आमटी उतू गेली, धाकटा रडला.
कधी काहीच झालेलं नसायचं,
नुसती भिंतीला टेकून
बोटं एकेक करून मोडायची
आणि पुन्हा सूप ओढायची.

कारखान्यात चेकर विडीचं तोंड बघायचा,
दोऱ्याचा पीळ बघायचा,
ढिली विडी नखानं उडवून बाजूला टाकायचा.
पण किती वेळा उठलीस, हे त्यानं
कधी विचारलं नाही.
सुचलं नसावं.
सुचलं असतं तर त्याचेही पैसे कापले असते.

शेवटच्या वळणावर
कॅमेरावाला पोरगा ओरडला,
"मॅडम, पळा की! फोटो काढतोय!"
माझं चालायचं मिनिट होतं ते,
वीस सेकंद शिल्लक.
पण पळाले. हसलेसुद्धा.
एकवीस किलोमीटरमध्ये
खोटी म्हणावी अशी तेवढीच पावलं,
आणि फोटो नेमका त्यांचाच आला.

तीन तास चार मिनिटं.
पोरीनं गळ्यात पदक घातलं,
मागं कुणाचं तरी नाव चुकून छापलेलं.
मल्लिनाथ म्हणाला, "झालं की शेवटी."
त्या 'शेवटी'त काय होतं
ते मी शोधत बसले नाही.

घरी आई खाटेवर होती.
आता तिला विडीचा वासही सहन होत नाही,
अंगठ्याचं नख मात्र तसंच, कडेला झिजलेलं.
पदक हातात घेऊन तिनं वजन केल्यासारखं केलं,
आणि आमच्या घरातल्या तेलुगूत विचारलं, "एन्नी?"
किती.
एकवीस, मी म्हटलं.
मध्ये मध्ये चालले पण, आई.
हे तिनं ऐकलं की नाही कोण जाणे.
"भरले ना पण?" म्हणाली,
आणि पदक उशाखाली सारलं,
जिथं ती पूर्वी
चेकरची चिठ्ठी ठेवायची.